ठेचा, भाकरी आणि द्राक्षाची वाइन: काही गैरसमज, थोडी वस्तुस्थिती

लातूरजवळच्या मुरुडसारख्या बाजारपेठेच्या गावात वाइनचा विषय निघाला की दोन सूर ऐकू येतात. एक म्हणतो, हे मुंबई-पुण्याच्या लोकांचं खूळ आहे, आपला काय संबंध? दुसरा नाशिकच्या एखाद्या वायनरीत फेरफटका मारून आलेला असतो. तो सांगतो, अहो, वाइन म्हणजे दारू नव्हेच, उलट हृदयाला चांगली. पहिल्याला आपला इतिहास ठाऊक नाही आणि दुसऱ्याला बाटलीवरची टक्केवारी वाचायची सवय नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. जो पीत नाही त्याने प्यायला लागावं, असा ह्या लेखाचा हेतू नाही. वारकऱ्यांच्या ह्या मुलखात कित्येक घरांनी विचार करून माळ घातलेली आहे आणि आरोग्याच्या हिशेबाने न पिणं हाच सगळ्यांत चांगला मार्ग आहे. पण पिणाऱ्यांची संख्या वाढते आहे, लग्नाच्या पार्ट्यांत वाइनच्या बाटल्या दिसू लागल्या आहेत आणि त्यांच्याबरोबर ऐकीव माहितीही पसरते आहे. त्या ऐकीव माहितीबद्दल हे लिहितो आहे. माझं म्हणणं एवढंच, की वाइन समजून घ्यायला मराठवाड्याच्या जिभेला उसन्या नियमांची गरज नाही. आंबट, तुरट, तिखट आणि गोड यांचा मेळ आपल्या चुलीवर रोज घातला जातो.

“वाइन आपल्याकडे कालपरवा आली”

मुरुडहून बार्शीच्या दिशेने निघालं की ढोकी लागते आणि ढोकीपासून जवळच तेर. आज ते गाव संत गोरा कुंभारांचं म्हणून आपल्याला माहीत आहे. दोन हजार वर्षांपूर्वी हेच तगर होतं. तेर म्हणजेच तगर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडलं आणि पुढच्या उत्खननांनी त्याला बळ दिलं. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातल्या वस्तू पाहायला मिळतात.

‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ हे पहिल्या शतकातल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याचं टिपण. त्यात पैठण आणि तगर ही दक्खनमधली दोन मोठी बाजारपेठांची ठिकाणं म्हणून येतात. तगराहून कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भरूचच्या बंदराला जात असे. त्याच टिपणात भरूचला बाहेरून येणाऱ्या मालाची यादी आहे आणि त्यात वाइन आहे. इटलीची वाइन जास्त पसंत केली जाते, त्याखालोखाल लाओडिकियाची आणि अरबस्तानची, असं तो लिहितो. म्हणजे कुठल्या प्रदेशाची वाइन चांगली, ही चर्चा आपल्या व्यापारी वाटेच्या दुसऱ्या टोकाला तेव्हाच सुरू होती. नेवाशाच्या उत्खननात रोमन अँफोरांचे, म्हणजे दोन कानांच्या उंच रांजणांचे, तुकडे सापडले आहेत. वाइन आणि तेल त्यांतूनच येत असे.

ह्यावरून तगरातला शेतकरी किंवा विणकर संध्याकाळी इटालियन वाइन घेऊन बसायचा, असं मात्र कुणी म्हणू नये. तो श्रीमंतांचा आणि राजदरबाराचा माल होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही द्राक्षाच्या मद्याचे प्रकार येतात आणि त्यांची नावं कापिशी नि हारहूर ह्या वायव्येकडच्या प्रदेशांवरून पडलेली आहेत. द्राक्षाचं मद्य प्रदेशाच्या नावाने ओळखायचं, ही रीत फ्रान्समध्ये जन्माला आली असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

द्राक्षाचंही तसंच. इब्न बतूता चौदाव्या शतकात दौलताबादला आला, तेव्हा तिथली द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा पिकतात, असं त्याने लिहून ठेवलं. मराठवाड्याच्या उष्ण हवेत द्राक्षाचा वेल झोपी जात नाही, त्याचाच हा परिणाम. ह्याच गोष्टीमुळे आपला द्राक्षबागायतदार आजही वर्षाला दोन छाटण्या घेतो.

“द्राक्षं उरली की त्याचीच वाइन करतात”

हे मी द्राक्षबागायतदारांच्या तोंडूनही ऐकलं आहे. तुळजापूर, नळदुर्ग, औसा ह्या पट्ट्यात ज्या बागा दिसतात, त्या खायच्या द्राक्षांच्या आहेत. थॉमसन, माणिक चमन, सोनाका. ह्यातली सोनाका तर शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, नान्नजला नानासाहेब काळे यांनी निवडलेली. लांबट मणी, पातळ साल, बी नाही. खायला उत्तम, बेदाण्याला उत्तम. वाइनला मात्र ती पुरी पडत नाहीत.

वाइनचं द्राक्ष हातात घेतलं की फरक लगेच कळतो. मणी लहान, हरभऱ्याहून थोडा मोठा. साल जाड आणि आत दोन-तीन बिया. चावलं तर आधी दणकून गोडी लागते, मग जीभ आंबटते आणि बी फुटलं की हिरड्या आवळल्यासारख्या होतात. लाल वाइनचा रंग, वास आणि तुरटपणा येतो तो सालीतून आणि बियांतून, म्हणून मणी लहान हवा. रसाच्या मानाने साल जास्त मिळते. शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यों, सांजोवेझे ह्या लाल वाइनच्या जाती. शेनिन ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लां पांढऱ्याच्या. गोडी साधारण बावीस ते चोवीस ब्रिक्सवर (ब्रिक्स म्हणजे रसातली साखर मोजायचं माप) गेली की तोडणी होते. यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल करतं, तेव्हा बारा ते चौदा टक्क्यांची वाइन तयार होते.

युरोपात द्राक्षाची तोडणी ऑगस्ट-सप्टेंबरपासून. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरता सरता फळ छाटणी आणि माल हाताशी येतो जानेवारी ते मार्चमध्ये. दिवसा ऊन आणि रात्री गारवा, असा तो काळ. रात्री जितक्या थंड, तितका मण्यातला आंबटपणा टिकतो. म्हणूनच सुमारे सहाशे मीटर उंचीवरच्या नाशिक-दिंडोरीत सोव्हिन्यों ब्लां चांगली साधते. सुला ह्या कंपनीने तिथे १९९७ मध्ये वेली लावल्या आणि २००० मध्ये वायनरी उघडली. बंगळूरजवळच्या नंदी हिल्सला ग्रोव्हर कुटुंबाने १९८८ पासून लाल द्राक्षांवर काम केलं. त्याही आधी, ऐंशीच्या दशकात, शामराव चौगुले यांनी नारायणगावात फसफसणारी वाइन करून ती परदेशात विकली होती.

मुरुडला सगळ्यांत जवळची म्हणावी अशी वाइन मात्र अकलूजकडची. बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी करत गेलं की माळशिरस तालुक्यात फ्रातेल्ली ह्या वायनरीच्या बागा लागतात. मोटेवाडी, गारवाड, निमगाव. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची अशा भावांच्या जोड्यांनी २००७ च्या सुमारास हा उद्योग उभा केला आणि टस्कनीचे पिएरो मासी वाइन घडवायला आले. टस्कनीची सांजोवेझे जात आज उसाच्या ह्या मुलखात वाढते. नाशिकची पांढरी आणि अकलूजची सांजोवेझे एका संध्याकाळी शेजारी शेजारी चाखली, तर प्रदेश म्हणजे काय ते जिभेला समजतं. पहिलीत हिरव्या मिरचीच्या देठाचा, कापलेल्या पेरूचा वास येतो. दुसरीत आंबटगोड लाल फळांचा आणि अंगावर थोडं ऊन घेतल्यासारखा.

ह्याला जोडून आणखी एक समज आहे: वाइन वाढली की द्राक्षबागायतदाराचं भलं होणारच. इथे मला स्पष्ट बोलायला हवं. देशातल्या एकूण द्राक्षांपैकी वाइनला जाणारा वाटा अगदी थोडा, दोन टक्क्यांच्या आसपास. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, उत्पादन शुल्कात सूट दिली, नाशिकला विंचूर आणि सांगलीला पलूस इथे वाइन पार्क काढले. शेतकऱ्यांनी भराभर वाइनच्या जाती लावल्या. मग २००८-०९ ची मंदी आली, वायनऱ्यांनी माल उचलला नाही आणि अनेकांनी वेली उपटून टाकल्या. वाइनची द्राक्षं बाजारात कुणी खायला घेत नाही, बेदाण्यालाही ती जमत नाहीत. खरेदीचा करार लेखी, दराचा आणि मुदतीचा असल्याशिवाय आपल्या भागात कुणी ह्या जाती लावू नयेत. ऊस की द्राक्ष, हा पाण्याचा प्रश्न मात्र खरा आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली ती ह्याच मुरुडच्या रुळांवरून गेली. ठिबकवरची द्राक्षबाग उसाच्या मानाने खूप कमी पाण्यात येते.

“वाइन म्हणजे दारू नव्हे”

जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने किमान हजार चौरस फुटांच्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला मुभा देण्याचं ठरवलं, तेव्हा हे वाक्य जिकडेतिकडे ऐकू आलं. अण्णा हजारे यांच्यासह अनेकांनी विरोध केला आणि तो निर्णय पुढे अंमलात आला नाही. वाद राजकारणाचा होता, पण वाक्य तेव्हापासून लोकांच्या तोंडी राहिलं.

हिशेब करून पाहू. साडेबारा टक्क्यांच्या वाइनचा १५० मिलिलीटरचा एक ग्लास घेतला, तर त्यात सुमारे १५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. व्हिस्कीच्या ३० मिलिलीटरच्या छोट्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम. म्हणजे वाइनचा एक ग्लास हा दीड छोटा पेग झाला आणि ७५० मिलिलीटरची अख्खी बाटली सात पेगांच्या घरात गेली. यकृताला हे अल्कोहोल द्राक्षातून आलं की मळीतून, हे कळत नाही. “वाइनच आहे” म्हणत दोघांनी बाटली रिकामी करायची आणि मोटारसायकलला किक मारायची, हा प्रकार मला अतिशय काळजीचा वाटतो.

हृदयाचं म्हणाल, तर ती कथा १९९१ मध्ये अमेरिकेतल्या एका टीव्ही कार्यक्रमामुळे जगभर गेली. फ्रेंच लोक चरबी भरपूर खातात, तरी त्यांना हृदयविकार कमी, आणि ह्याचं श्रेय लाल वाइनला. पुढे रेस्व्हेराट्रॉल ह्या द्रव्याचं नाव घेतलं जाऊ लागलं. पण एक लिटर लाल वाइनमध्ये ते जेमतेम काही मिलिग्रॅम असतं आणि प्रयोगांत दिलेले डोस शेकडो मिलिग्रॅमचे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं, की अल्कोहोलचं सुरक्षित म्हणावं असं कुठलंच प्रमाण नाही. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने तर १९८८ मध्येच मद्याला पहिल्या गटातल्या कर्करोगकारकांत टाकलं. वाइन चवीसाठी प्यावी, जेवणासोबत, थोडी. औषध म्हणून घेणाऱ्याने डॉक्टरकडे जावं.

“आपल्या तिखटजाळ जेवणाशी वाइन जमतच नाही”

लोक हे म्हणतात, कारण त्यांनी चुकीची बाटली उघडलेली असते. ज्वारीची गरम भाकरी, वर हिरव्या मिरचीचा ठेचा, बाजूला शेंगदाण्याची चटणी आणि ग्लासात चौदा टक्क्यांची शिराझ. पहिल्या घोटाला काय होतं? मिरची जिभेच्या शेंड्यावर होती ती हिरड्यांपर्यंत पसरते, वाइनचा तुरटपणा तोंड कोरडं करतो आणि फळाची चव कुठल्या कुठे जाते. ह्यामागचं कारण साधं आहे. मिरचीतलं कॅप्सायसिन तोंडातल्या ज्या संवेदनाग्राहींना चेतवतं, त्यांनाच अल्कोहोल आणखी हळवं करतं. वाइन जितकी कडक, तितकी मिरची जास्त भाजते.

आता त्याच घासावर शेनिन ब्लां घ्या. किंचित गोडसर, अल्कोहोल कमी, बाटली फ्रिजमधून नुकतीच काढलेली. गारव्याने आणि गोडीने जाळ खाली बसतो, ठेच्यातला लसूण जागेवर राहतो आणि शेंगदाण्याचा तेलकट खमंगपणा एकदम पुढे येतो. तिखट खाल्ल्यावर गुळाचा खडा तोंडात टाकणाऱ्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही.

आंबटाचा हिशेब वेगळा. पानाची चव वाइनपेक्षा आंबट असली, तर वाइन बेचव, पाणचट लागते. लातूर जिल्ह्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्याबरोबर बोरसुरीच्या तूरडाळीला आणि कास्ती कोथिंबिरीलाही. ह्या तिन्ही गोष्टी एका पातेल्यात आल्या की जी आमटी होते, तिच्यापुढे मऊ, गोलाईदार वाइन टिकत नाही. तिथे धारदार आंबट सोव्हिन्यों ब्लां लागते. कोथिंबिरीच्या हिरव्या वासाशी तिचं गोत्रही जुळतं. पिठलं असेल तरी हीच बाटली. बेसनाचा जाडपणा आंबटाने कापला जातो.

हे आपल्याला नवं नाही. येळवसेला, मार्गशीर्ष अमावास्येला, शेतात पंगत बसते. हिरवा हरभरा, तूर, वाटाणा, पालेभाज्या घालून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यातली आंबील. भज्जीत बेसन असतं, ती जड असते. ताकातल्या आंबिलीचा आंबूस, गार घोट तिला हलकं करतो. तळलेल्या पदार्थांबरोबर आंबट वाइन घेतात, ती ह्याच कारणाने. जेवणाशी पेय जुळवण्याची इतकी अचूक जोडी आपल्याकडे असताना, येळवसेच्या पंगतीत वाइन आणण्याचं काही कारण मला दिसत नाही.

मटणाबद्दल एक नियम सगळ्यांना पाठ असतो: मांसाला लाल, माशाला पांढरी. मला तो अर्धाच पटतो. तुरट द्रव्यं प्रथिनाला आणि चरबीला चिकटतात, म्हणून मटणाच्या चरबीपुढे लाल वाइन मऊ लागते, हे खरं. पण आपल्या ताटात नुसतं मांस नसतं, रस्सा असतो. काळा मसाला, भाजलेलं सुकं खोबरं, वर लालभडक तरी. सुकं मटण बेताच्या तिखटाचं असेल, तर अकलूजची सांजोवेझे किंवा कॅबर्ने छान जाते. भाजलेल्या मसाल्याच्या धुरकट वासाला ती साथ देते. तोच रस्सा झणझणीत असला, तर लाल बाजूला ठेवून गार रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, घ्यावी. येसर आमटीलाही रोझेच बरी. माशाचं म्हणाल, तर २००९ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिलं, की लाल वाइनमधलं लोह माशातल्या तेलाशी मिळालं की तो नको असलेला उग्र वास सुटतो. लोह कमी असलेल्या लाल वाइनने तसं होत नाही.

हुरड्याचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. आगटीवरून काढलेला कोवळा, दुधाळ हुरडा, लसणाची चटणी, दही, गूळ. ह्यासोबत कोरडी फसफसणारी वाइन इतकी जमते, की मी दुसरं काही सुचवत नाही. बुडबुडे आणि आंबटपणा हुरड्याचा चिकटपणा धुऊन काढतात.

पुरणपोळीसोबत मात्र सावध राहा. गोडाबरोबरची वाइन गोडाइतकी तरी गोड हवी, नाहीतर ती नुसती आंबट लागते. वेलावर जास्त दिवस राखलेल्या शेनिनची ‘लेट हार्वेस्ट’ वाइन इथे चालते. गोव्याहून सहलीची आठवण म्हणून आणलेली गोड ‘पोर्ट’ बाटली पाहून पुष्कळांना वाटतं, की खरी वाइन गोडच असते. अस्सल पोर्ट ही पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली. त्या प्रदेशाची हद्द १७५६ मध्येच आखली गेली. आंबवण चालू असतानाच त्यात द्राक्षाचं कडक मद्य घालतात, म्हणून साखर उरते आणि अल्कोहोल वीस टक्क्यांच्या जवळ जातं. जगातली बहुतेक वाइन कोरडी, म्हणजे जवळजवळ बिनसाखरेची असते.

“जितकी जुनी, तितकी भारी, आणि लाल वाइन गार करायची नाही”

बाजारातली बहुतेक वाइन एक ते तीन वर्षांत पिण्यासाठीच केलेली असते. वर्षानुवर्षं सुधारणाऱ्या बाटल्या थोड्या, महाग आणि थंड, अंधाऱ्या तळघरात ठेवलेल्या. आपल्या कपाटात पाच वर्षं जपलेली पांढरी वाइन बहुधा वाया गेलेली असते. फिरकीच्या झाकणाला नाक मुरडायचंही कारण नाही. बुचाला कधी कधी कुबट वास लागतो, झाकणाला तो लागत नाही.

‘रूम टेंपरेचर’ हा शब्द युरोपातल्या दगडी घरांचा, सोळा-अठरा अंशांचा. मे महिन्यात मुरुडच्या पत्र्याच्या दुकानात चाळीस अंशांवर उभी राहिलेली लाल वाइन शिजून निघते. ती उघडली की मनुका उकळल्यासारखा वास येतो आणि अल्कोहोल नाकात झोंबतं. लाल बाटलीही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मग उघडावी. उन्हाळ्यात बाटली घ्यायचीच झाली, तर गर्दीच्या, माल लवकर खपणाऱ्या दुकानातून घ्यावी. बूच वर उचललं गेलेलं किंवा तोंडाशी चिकट ओघळ दिसला, तर ती परत ठेवावी. उघडलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस बरी राहते.

“परदेशी ती अस्सल”

आयात वाइनवर भारतात वर्षानुवर्षं दीडशे टक्के सीमाशुल्क होतं. डिसेंबर २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाशी झालेला करार लागू झाला, तेव्हा तिथल्या पाच डॉलरवरच्या बाटल्यांचं शुल्क शंभर टक्क्यांवर आणि पंधरा डॉलरवरच्यांचं पंचाहत्तरवर आलं. शुल्क, वाहतूक आणि विक्रेत्याचा नफा धरला, की इथे दोन हजारांना मिळणारी परदेशी बाटली तिकडच्या किराणा दुकानातली साधीसुधी असते. त्याच्या निम्म्या पैशांत नाशिकची किंवा अकलूजची चांगली बाटली येते.

घेताना मागची चिठ्ठी वाचा. द्राक्षाची जात लिहिलेली आहे का, कुठल्या भागातली आहे, कुठल्या वर्षीचं पीक आहे, अल्कोहोल किती टक्के आहे. तोडणी जानेवारी-मार्चमध्ये होते, म्हणून गेल्या वर्षीचं साल लिहिलेली भारतीय पांढरी वाइन म्हणजे ताजी. चार-पाच वर्षांपूर्वीचं असेल, तर दुकानदार कितीही सूट देवो, घेऊ नका. महाराष्ट्रात वाइन घ्यायला वयाची एकवीस वर्षं पूर्ण लागतात आणि पिण्याचा परवाना लागतो. तो दुकानातही काढून मिळतो.